गुऱ्हाळावर भाजलेला हात आणि कोल्हापुरातील एक सर्जन : चौदा महिन्यांनंतरचा अभिप्राय

रुग्णालयातून सुटी मिळाली त्याच दिवशी स्वागतकक्षातील मुलीने मला अभिप्राय लिहिण्याविषयी सुचवले होते आणि त्या वेळच्या भरात मी तो लिहिलाही असता. परंतु भाजलेल्या हाताच्या बाबतीत जखम भरली म्हणजे उपचार संपले असे होत नाही, हे तोवर आम्हांला कळू लागले होते, म्हणून मी थांबलो. आता चौदा महिने झाले आहेत, माझा धाकटा भाऊ पुन्हा गुऱ्हाळावर उभा राहू लागला आहे आणि काही सांगण्याइतका अनुभव आमच्या गाठीशी आहे. डॉक्टरांनी विनंती केल्यामुळे त्यांचे नाव देत नाही. प्लास्टिक सर्जरीचे शिक्षण घेऊन पुढे भाजलेले रुग्ण आणि हाताच्या दुखापती एवढेच क्षेत्र निवडलेले हे सर्जन असून कोल्हापूर शहरात त्यांचे बारा खाटांचे रुग्णालय आहे.

डिसेंबर २०२३ मध्ये, हंगाम ऐन भरात असताना, रस उकळायची मोठी कढई, म्हणजे काहील, उतरवून पाक गूळ थंड करायच्या वाफ्यात ओतण्याच्या वेळी भावाचा पाय घसरला आणि तापलेला पाक त्याच्या उजव्या हाताच्या पाठीवर, चारही बोटांवर आणि मनगटाच्या वर वीतभर पसरला. गुळासाठी काहील उतरवतात तेव्हा पाकाचे तापमान ११५ अंश सेल्सिअसच्या पुढे गेलेले असते, म्हणजे तो उकळत्या पाण्यापेक्षाही जास्त तापलेला असतो, शिवाय पाण्यासारखा ओघळून न जाता तो कातडीला चिकटून बसतो. त्यामुळे अंगावर चहा सांडणे आणि पाक सांडणे यांत फार अंतर आहे. गडबडीत कोणी त्याचा हात हौदात बुडवला आणि लगेच बाहेर काढला, कोणी त्यावर टूथपेस्ट चोपडली, आणि बोटातल्या चांदीच्या अंगठीकडे कोणाचेच लक्ष गेले नाही. संध्याकाळपर्यंत हात इतका सुजला की ती अंगठी सोनाराकडून कापून काढावी लागली. तालुक्याच्या गावी एका रुग्णालयात सहा दिवस रोज पांढरे मलम लावून चारही बोटे एकत्र गुंडाळली जात होती आणि ‘येईल हळूहळू भरून’ असे सांगितले जात होते. आम्हीही ते मान्य करत होतो, कारण भावाला फारसे दुखत नव्हते.

सातव्या दिवशी या डॉक्टरांकडे गेलो तेव्हा त्यांनी ड्रेसिंग स्वतः सोडले. आधी त्यावर सलाईनचे पाणी सोडून पट्टी पूर्ण भिजू दिली, मग एकेक पदर अलगद उचलला आणि हे करत असताना भावाशी ऊस कोणत्या जातीचा, दिवसाला किती काहिली निघतात, याविषयी बोलत राहिले. पुढे त्यांनी एक बारीक सुई घेऊन हाताच्या पाठीवर निरनिराळ्या ठिकाणी टोचून पाहिले. मनगटाजवळ जिथे कातडी लाल आणि ओलसर होती तिथे भाऊ कळवळला. बोटांच्या मुळांशी आणि मधल्या पेरांवर जिथे ती मेणासारखी पांढरट झाली होती तिथे मात्र त्याला सुई टोचल्याचे कळलेसुद्धा नाही. ‘इथं दुखत नाही, हे चांगलं लक्षण नव्हे,’ असे ते म्हणाले. सहा दिवस ज्या गोष्टीचे आम्ही समाधान मानत होतो तिचा खरा अर्थ आम्हांला तेव्हा कळला : भाजणे खोलवर गेले की वेदना पोहोचवणाऱ्या नसाही जळतात.

त्यानंतर त्यांनी विचारलेला प्रश्न मला या साऱ्या उपचारांचे सार वाटतो. ‘या हाताने तुम्ही काय काय करता?’ असे त्यांनी विचारले आणि उत्तर नुसते ऐकून न घेता केसपेपरवर उतरवून घेतले : चुलवाणात (गुऱ्हाळाच्या मोठ्या चुलीत) चिपाडे (रस काढलेला वाळका ऊस) सारणे, फावड्याने पाक ढवळणे, गुळाचे रवे (ढेपा) उचलणे, मोटारसायकल चालवणे, जेवणे, शर्टाची बटणे लावणे. जखम किती दिवसांत भरेल यावर ते फार कमी बोलले. यांतली कोणती कामे परत करता येतील आणि त्यासाठी काय करावे लागेल, यावर मात्र अर्धा तास बोलले, आणि पुढच्या प्रत्येक भेटीत त्या यादीकडे बोट दाखवून चौकशी करत राहिले.

एवढ्याशा भाजण्याला शस्त्रक्रिया कशाला, असा प्रश्न आमच्या घरातही निघाला होता. रुग्णाचा स्वतःचा तळहात बोटांसकट धरला तर तो त्याच्या शरीराच्या पृष्ठभागाच्या सुमारे एक टक्का भरतो, या मापाने भावाचे भाजणे दोन-अडीच टक्क्यांपेक्षा जास्त नव्हते आणि जिवाला कसलाही धोका नव्हता. परंतु हाताच्या पाठीवरची कातडी पातळ असते, बोटे सरळ करणाऱ्या कंडरा, म्हणजे स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोऱ्या, तिच्या लगेच खाली असतात आणि मधल्या पेराच्या सांध्यावर तर कातडी आणि कंडरा यांच्यामध्ये जवळजवळ काहीच नसते. अशी खोल जखम आपोआप भरायला तीन आठवड्यांहून अधिक काळ लागला की जाड, उंचवट्याचे व्रण येण्याचा धोका वाढतो आणि ते व्रण आकसताना बोटे मागे ओढून धरतात. म्हणून चेहरा, हात, पाय आणि सांध्यांवरचे खोल भाजणे क्षेत्रफळाने कितीही लहान असले तरी तज्ज्ञाला दाखवावे, असा नियम आहे. हे सारे डॉक्टरांनी केसपेपरच्या मागच्या बाजूला चित्र काढून समजावले आणि तो कागद आम्हांला दिला. तो आजही घरी आहे.

नवव्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. मेलेली कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी एकेक पातळ थर तासत जायचे आणि खालून बारीक ठिपक्यांसारखे रक्त येऊ लागले की थांबायचे, कारण तिथून जिवंत भाग सुरू होतो, अशी ही पद्धत आहे. जखम आपोआप सुटण्याची वाट पाहण्याऐवजी पहिल्या काही दिवसांतच असे तासून लगेच कातडी लावण्याची ही पद्धत स्लोव्हेनियातील मारिबोर येथील सर्जन झोरा यांझेकोविच यांनी रूढ केली आणि १९७० मध्ये त्यांचा लेख प्रसिद्ध झाल्यावर ती जगभर पसरली. आमच्या भागात आजही अनेक ठिकाणी तीन-तीन आठवडे नुसते मलमपट्टीवर काढले जातात, याचे मला मनापासून वाईट वाटते. भावाच्या मांडीवरून घेतलेली पातळ कातडी सलग तुकड्यांच्या रूपात हातावर बसवली. मोठ्या जखमांसाठी कातडीला जाळीसारखी छिद्रे पाडून ती ताणून लावतात, पण त्या जाळीची नक्षी कायमची दिसत राहते आणि ती आकसतेही जास्त, म्हणून हातावर शक्यतो सलग कातडीच लावतात, असे त्यांनी आधीच सांगितले होते. मांडीवरची जागा दोन आठवड्यांत भरली. पहिले चार दिवस भावाला हातापेक्षा मांडीच जास्त दुखली, आणि याची पूर्वकल्पनाही त्यांनी दिली होती.

शस्त्रक्रियेनंतर पाचव्या दिवशी पहिले ड्रेसिंग उघडले तेव्हा मी शेजारी उभा होतो. लावलेली कातडी फिकट गुलाबी दिसत होती, तिच्या कडा नीट चिकटल्या होत्या, फक्त करंगळीच्या मुळाशी हरभऱ्याएवढा एक काळसर फुगवटा होता. डॉक्टरांनी तिथे सुईच्या टोकाने छोटे छिद्र पाडून खाली साठलेले रक्त कापसाच्या बोळ्याने हळूच दाबून बाहेर काढले आणि ‘ही जागा कदाचित जाईल, पण एवढीच,’ असे सांगितले. झालेही तसेच : तेवढा भाग गळून पडला आणि पुढे कडेने भरून आला. वाईट बातमी लहान असतानाच सांगून टाकण्याची त्यांची ही सवय आम्हांला पुढे फार उपयोगी पडली, कारण ते ‘ठीक आहे’ म्हणाले की ते खरोखरच ठीक आहे, असा विश्वास बसला.

आता ज्या भागासाठी मी हा अभिप्राय मुख्यतः लिहीत आहे, त्याविषयी. शस्त्रक्रिया दीड तासाची होती. हात कामाला यायला लागलेले महिने स्प्लिंट (हात ठरावीक स्थितीत धरून ठेवणारा आधार), व्यायाम आणि हातमोजा यांचे होते. भाजलेला हात माणूस स्वतःला बरे वाटेल तसा ठेवतो, म्हणजे मनगट खाली पडते, बोटांची मुळे ताठ होतात आणि पुढची पेरे वाकतात. नेमका असाच तो आखडला की पंजासारखा होऊन बसतो. म्हणून स्प्लिंट बरोबर उलट्या स्थितीत बांधतात : मनगट थोडे मागे, बोटे मुळाशी चांगली वाकलेली आणि पुढे सरळ, बदकाच्या चोचीसारखी. या स्थितीत सांध्यांच्या बाजूचे बंध ताणलेले राहतात, त्यामुळे ते आखूड होऊ शकत नाहीत. तालुक्याच्या रुग्णालयात चारही बोटे एकत्र गुंडाळली जात होती हे ऐकल्यावर इथल्या फिजिओथेरपिस्ट बाई काही बोलल्या नाहीत, पण प्रत्येक बोटाचे वेगळे ड्रेसिंग कसे करायचे हे त्यांनी माझ्या भावजयीला तीन वेळा करून दाखवले आणि चौथ्या वेळी तिच्याकडून करवून घेतले.

या बाईंचे काम सर्जनच्या कामाइतकेच मोलाचे आहे आणि डॉक्टर स्वतःही तसे उघडपणे सांगतात. पहिल्या दिवशी मूठ मिटायला सांगितली तेव्हा मधल्या बोटाचे टोक तळहातावरच्या रेघेपासून साडेचार सेंटिमीटर दूर राहिले होते. दर आठवड्याला त्या छोट्या पट्टीने हे अंतर मोजून वहीत लिहीत : चार, साडेतीन, पुन्हा साडेतीन, तीन. ज्या आठवड्यात आकडा हलला नाही त्या आठवड्यात भाऊ खचला होता, तेव्हा त्यांनी वहीची आधीची पाने उलटून त्याला दाखवली. यंत्रांपेक्षा घरातल्या वस्तूंवर त्यांचा भर होता. ताटातले जोंधळे एकेक करून वाटीत टाकणे, ओला पंचा पिळणे, दोरीच्या गाठी सोडवणे, आणि सकाळची कणीक मळणे. ज्या माणसाने आयुष्यात परातीला हात लावला नव्हता त्याने चार महिने घरातली कणीक मळली, आणि आमच्या आईने त्यावर एक शब्दही काढला नाही. जागेपणी दर तासाला दहा वेळा मूठ मिटायची, रात्री स्प्लिंट बांधून झोपायचे, हा नेम सहा महिने चालला. अकराव्या आठवड्यात बोटाचे टोक तळहाताला टेकले.

हातमोज्याविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण खर्चाच्या आणि चिकाटीच्या दृष्टीने तिथेच बहुतेकजण गळतात, असे मला प्रतीक्षागृहातल्या गप्पांवरून वाटले. वाढू पाहणारा व्रण सतत दाबाखाली ठेवला तर तो सपाट आणि मऊ व्हायला मदत होते, म्हणून मापाने शिवलेला घट्ट हातमोजा दिवसाचे तेवीस तास, सुमारे वर्षभर घालायचा असतो. एक धुण्यात, एक हातात, असे दोन लागतात आणि काही महिन्यांनी कापड सैल पडले की नवे शिवावे लागतात. आमचे वर्षात पाच झाले, प्रत्येकी २,४०० रुपयांचे. एप्रिल-मेच्या उकाड्यात तो हातमोजा म्हणजे शिक्षा होती. त्यात खाज इतकी की भाऊ रात्री उठून बसे. लावलेल्या कातडीला तेलाच्या ग्रंथी नसतात, ती कोरडी पडते, म्हणून दिवसातून चार-पाच वेळा खोबरेल तेल चोळायचे आणि उन्हापासून हात जपायचा, असे सांगितले होते. परंतु खाज एवढी त्रासदायक असते आणि ती महिनोनमहिने राहते, हे कोणी आधी स्पष्ट सांगितले नव्हते. इतर सर्व बाबतींत पूर्वकल्पना देणाऱ्या डॉक्टरांकडून ही एक गोष्ट राहून गेली, असे मी त्यांनाही सांगितले आहे. तक्रार केल्यावर त्यांनी झोपण्यापूर्वी घ्यायच्या गोळ्या दिल्या आणि त्यांनी फरक पडला.

हाताच्या दुखापतींचा विभाग मी दुसऱ्या निमित्ताने पाहिला. आमच्या शेजाऱ्यांच्या तर्जनीवर ऊस तोडताना आतल्या बाजूने कोयता लागला होता, गावात वरची कातडी शिवली गेली आणि बोट वाकत नाही हे अठरा दिवसांनी लक्षात आले. बोट वाकवणारी कंडरा तुटली की तिचे टोक आत ओढले जाते आणि जितका उशीर होईल तितके ते शोधून जोडणे अवघड होते. आपल्याकडे ‘शीर तुटली’ म्हणतात, पण ती रक्ताची शीर नव्हे, बोट ओढणारी दोरी आहे, असे डॉक्टरांनी त्यांना समजावले, आणि शस्त्रक्रियेपूर्वीच स्पष्ट केले की पहिल्याच दिवशी आला असतात तर जेवढे बोट वाकले असते तेवढे आता वाकणार नाही. जोडलेली कंडरा सुरुवातीच्या आठवड्यांत कमजोर असते, त्यामुळे जड काम तीन महिने बंद ठेवायचे होते. मजुरी करणाऱ्या माणसाला तेही परवडले नाही आणि ते सव्वादोन महिन्यांत शेतावर गेले. त्यांचे बोट आज मुठीत पूर्ण येत नाही. यात सर्जनचा दोष मला दिसत नाही. तरी हेच डॉक्टर असूनही प्रत्येक हात पूर्ववत होतो असे वाचणाऱ्याने समजू नये, म्हणून हे लिहिले.

प्रतीक्षागृहात मराठीत लिहिलेला एक मोठा फलक आहे आणि तो मी पाठ केला आहे. भाजल्यावर वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावे, बर्फ, शाई, हळद, टूथपेस्ट काही लावू नये, आणि अंगठ्या-बांगड्या ताबडतोब काढाव्यात. उशीर झाला तरी पहिल्या तीन तासांत पाण्याचा उपयोग होतो. त्याच्या खाली तुटलेल्या बोटाविषयी आहे : बोट ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालावे, तिचे तोंड बांधावे आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी, बोट थेट बर्फात ठेवू नये. माझ्यासमोर एका बाईंचे कडबाकुट्टीच्या यंत्रात सापडलेले बोट घरच्यांनी नुसत्या बर्फात घालून आणले होते आणि ते जोडता आले नाही. बाजूलाच त्वचादानाची माहिती आहे. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत कातडीचा वरचा पातळ थर घेता येतो, रक्तगट जुळावा लागत नाही, ग्लिसरॉलमध्ये ती पाच वर्षांपर्यंत टिकते, आणि शरीराचा मोठा भाग भाजलेल्या रुग्णावर तात्पुरते आवरण म्हणून ती लावतात. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० पासून अशी त्वचापेढी आहे. आमच्या घरातल्या तिघांनी त्यासाठी नावे दिली आहेत.

उणिवाही सांगायला हव्यात. वेळ घेऊन गेलो तरी दीड-दोन तास थांबावे लागते, कारण अपघाताचा रुग्ण आला की डॉक्टर मधेच उठून शस्त्रक्रियागृहात जातात. हे समजण्यासारखे आहे, पण तसे बाहेर कोणी येऊन सांगत नाही. दूरध्वनी दुपारी एक ते चार उचलला जात नाही. फिजिओथेरपीची खोली दुसऱ्या मजल्यावर असून लिफ्ट अनेकदा बंद असते, आणि पाय भाजलेल्या रुग्णांना तिथे उचलून नेताना मी पाहिले आहे. सर्वांत खटकणारी गोष्ट म्हणजे, भिंतीवरचा फलक मराठीत असताना सुटीच्या वेळी हातात मिळणाऱ्या सूचना मात्र इंग्रजीत असतात. मी शिक्षक असल्याने आमचे निभावले. ऊसतोड कामगाराच्या घरात तो कागद कोण वाचणार?

खर्चाबाबत पहिल्याच दिवशी सरळ बोलणे झाले. हे रुग्णालय शासनाच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत नाही, भाजण्यावरचे उपचार त्या योजनेत बसतात आणि हवे असल्यास योजनेतल्या रुग्णालयासाठी पत्र देतो, तिथे योजनेच्या कामात मदत करणाऱ्या आरोग्यमित्राला भेटा, असे डॉक्टर स्वतःहून म्हणाले. आधीच आठवडा गेला होता म्हणून आम्ही तिथेच राहिलो. दोन्ही शस्त्रक्रिया (दुसरीविषयी पुढे सांगतो), मुक्काम, औषधे, हातमोजे आणि फिजिओथेरपी मिळून वर्षभरात एक लाख अठरा हजार रुपये लागले. पहिल्या दिवशी सांगितलेल्या अंदाजापेक्षा नऊ हजारांनी जास्त. प्रत्येक पावती मिळाली.

दुसरी शस्त्रक्रिया आठव्या महिन्यात झाली. करंगळी आणि अनामिका यांच्यामधल्या बेचक्यात, जिथे पहिल्या वेळी कातडी गळाली होती तिथेच, व्रण आकसून पडद्यासारखा ताणला होता आणि बोटे फाकत नव्हती. तिथे इंग्रजी झेड अक्षरासारखा छेद घेऊन कातडीचे दोन त्रिकोण एकमेकांच्या जागी फिरवून शिवले, म्हणजे आखूड झालेली रेघ लांब झाली. सकाळी जाऊन संध्याकाळी घरी आलो.

हाताचा रंग आजूबाजूच्या कातडीपेक्षा काळपट आहे आणि तसाच राहील. थंडीत तो दुखतो, आणि चुलवाणाजवळची धग त्याला सोसत नाही, म्हणून भाऊ आता चुलीकडे न जाता वाफ्याकडे काम करतो. गेल्या पंधरवड्यातल्या तपासणीला जाताना त्याने यंदाच्या गुळाचा पाच किलोचा रवा नेला होता. डॉक्टरांनी तो हातात घेतला नाही; ‘उजव्या हाताने, एकट्या, वरून धरून टेबलावर ठेवा,’ असे सांगून खुर्ची जरा मागे सरकवली आणि बोटे कशी फाकतात, अंगठा कुठे टेकतो, मनगट कुठे वाकते, हे पाहत राहिले. भावाने रवा उचलून ठेवला. मग त्यांनी पकड मोजायचे यंत्र त्याच्या हातात दिले : उजवा एकतीस किलो, डावा सदतीस. केसपेपर काढून पहिल्या दिवशीच्या यादीतल्या ‘रवे उचलणे’ या ओळीसमोर त्यांनी खूण केली. ‘चिपाडे सारणे’ ही ओळ अजून तशीच आहे. पुढची तारीख ऑगस्टची दिली आहे.